स्टेन्सिल्स ठेवायला कुठली फाइल घ्यावी, कुठली नको

आधी निकाल सांगते, कारणं मागून. ए-फोर किंवा त्याहून लहान मायलरच्या (प्लास्टिक फिल्मच्या) स्टेन्सिल्स असतील तर डी-रिंगची बाइंडर फाइल घ्या आणि तिच्यात सुटे शीट प्रोटेक्टर, म्हणजे कडेला भोकं असलेले पारदर्शक कप्पे, लावा. ए-थ्री असतील तर जोडलेल्या कप्प्यांची डिस्प्ले बुक घ्या. आणि ‘क्राफ्ट ऑर्गनायझर’ म्हणून दाराला किंवा भिंतीला टांगायचं कप्प्याकप्प्यांचं जे मिळतं, ते स्टेन्सिल्ससाठी अजिबात घेऊ नका. तिन्ही गोष्टी मी पैसे मोजून घेतल्या आहेत आणि उन्हाळा-पावसाळा दोन्हींत वापरल्या आहेत.

मी डोंबिवलीला घरीच फॅब्रिक पेंटिंगचे वर्ग घेते. साडीचे पदर, कुर्त्यांचे गळे, उशांचे अभ्रे, दिवाळीआधी कापडी तोरणं. हातानं रेखाटन शिकवतेच, पण किनारीवर एकच बुट्टी दोन वार सारखी यायला हवी असेल तेव्हा स्टेन्सिलला पर्याय नाही. घर दोन खोल्यांचं. सामान दिवाणाच्या पोटात आणि कपाटाच्या एका खणात. त्यामुळे स्टेन्सिल नीट ठेवणं म्हणजे नुसती हौस नाही. हवी ती वेळेवर सापडली नाही तर समोर बसलेल्या चारजणी ब्रशला रंग लावून ताटकळतात.

स्टेन्सिल खराब कुठे होते हे कळलं की ती कशात ठेवायची हे आपोआप कळतं. चांगली मायलर म्हणजे पॉलिएस्टरची फिल्म, साधारण 125 ते 190 मायक्रॉन जाडीची. ती सहज फाटत नाही, पाण्यानं फुगत नाही. तिचा जीव असतो तो दोन छिद्रांमधल्या बारीक पट्ट्यांत. आम्ही वर्गात त्यांना पूल म्हणतो. वेलबुट्टीच्या नक्षीत हे पूल दोन मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. एक स्टेन्सिल दुसरीवरून ओढली की एकीचा पूल दुसरीच्या छिद्रात अडकतो, घाईत ओढला की दुमडतो. एकदा वळ पडला की तिथे स्टेन्सिल कापडाला चिकटून बसत नाही आणि रंग खाली झिरपतो. म्हणजे गठ्ठा करून डब्यात ठेवायचं आपलं नेहमीचं धोरण इथे सगळ्यात वाईट.

दुसरं कारण रंगाचं. उन्हाळ्यात स्टेन्सिल्स एकमेकींना चिकटतात, तेव्हा बायका म्हणतात, ‘प्लास्टिक हलकं निघालं.’ बहुतेक वेळा दोष प्लास्टिकचा नसतो. ॲक्रिलिक रंग वाळला तरी उष्णतेनं किंचित मऊ होतो आणि वर दाब असेल तर दोन रंगवलेले पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात. मे महिन्यात बंद खणात हेच होतं. म्हणून फाइल कितीही भारी घ्या, स्टेन्सिल धुऊनच आत गेली पाहिजे. पसरट परातीत कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, स्टेन्सिल आडवी बुडवून ठेवायची, मग पोळपाटावर सपाट ठेवून जुन्या मऊ टूथब्रशनं पुलाच्या लांबीच्या दिशेनं घासायची, आडवं नाही. वाळून घट्ट बसलेला रंग असेल तर कापसावर सॅनिटायझर घेऊन पुसा, त्यातल्या अल्कोहोलनं तो सुटतो. टेक्श्चर पेस्टला, म्हणजे उठावाच्या नक्षीसाठीच्या जाड लेपाला, मात्र उशीर चालत नाही. ती वापरली की लगेच बादलीत.

आता फाइली.

सगळ्यात आधी मी घेतलं होतं ते टांगायचं प्रकरण. फोटोत फार देखणं दिसतं, पारदर्शक कप्पे, वरून खालपर्यंत सगळं नजरेसमोर. प्रत्यक्षात कप्प्याचा तळ कापडात शिवलेला, म्हणून मध्ये झोळ. स्टेन्सिल उभी राहिली की हळूहळू खाली बसते आणि तळाशी कमान येते. पारदर्शक भाग पीव्हीसीचा. पाकीट उघडलं तेव्हाच नव्या रेनकोटचा वास आला होता, तो महिनोन्‌महिने गेला नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते उन्हाळ्यात वर येतं. जुन्या कागदपत्रांच्या प्लास्टिक कव्हरला झेरॉक्सची अक्षरं उलटी छापलेली तुम्ही पाहिली असतील. त्याचंच हे काम. माझ्या कप्प्यांना असाच चिकटपणा आला आणि रांगोळीची पूड, कापडाचे तंतू, सगळं त्यावर बसायला लागलं. आता त्यात मी ब्रश आणि स्पंजाचे तुकडे ठेवते. त्यासाठी ठीक आहे.

म्हणून दुकानात पहिली गोष्ट बघायची ती कप्प्याचं प्लास्टिक. पॉलिप्रॉपिलीन हवं. त्रिकोणी खुणेत 5 असेल तर ते, 3 असेल तर पीव्हीसी. सुट्या शीट प्रोटेक्टरवर खूण नसते बरेचदा, पाकिटावर ‘पीपी’ लिहिलेलं असतं. तेही नसेल तर वास घ्या आणि बोटांत चोळून बघा: पॉलिप्रॉपिलीन खुळखुळतं, पीव्हीसी मऊ रबरासारखं लागतं.

डी-रिंगची फाइल मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणली. त्या गल्लीत स्टेशनरीची आणि हस्तकलेच्या सामानाची दुकानं खेटून खेटून आहेत. शनिवारी जाऊ नका, धड उभंही राहता येत नाही. मी पिशवीतून स्टेन्सिल काढून फाइलला लावून बघायला लागले तर दुकानदार म्हणाले, “ताई, बाहेर काउंटरवर या, सगळी मापं काढून दाखवतो.” आणि खरंच काढून दाखवली. साधी गोल रिंग आणि डी-रिंग दोन्ही शेजारी ठेवून फरकही त्यांनीच समजावला. गोल रिंगेत भरलेली पानं वळणावर एकमेकांवर सरकतात, म्हणून फाइल मिटली की डावीकडची कड वाकडी होते. डी-रिंगला एक बाजू सरळ, त्यामुळे पानं एका रेषेत बसतात. कागदाला याचा फरक पडत नाही, स्टेन्सिलला पडतो. शीट प्रोटेक्टरला डाव्या कडेला 11 भोकं असतात, त्यामुळे दोन रिंगांची असो वा चार, कुठल्याही फाइलला तेच चालतात.

या फाइलीत मला सगळ्यात आवडलं ते पानं हलवता येणं. गणपतीच्या आधी कमळं, मोदक, जास्वंद पुढे घेते; नवरात्रात गरब्याच्या टिपऱ्या आणि कोयरी; संक्रांतीला पतंग. मोसम संपला की ती पानं मागे. जोडलेल्या कप्प्यांच्या फाइलीत हे करायचं तर एकेक स्टेन्सिल काढून दुसऱ्या कप्प्यात घालावी लागते, आणि काढताना-घालतानाच तर पूल मोडतात.

मापाचा हिशेब मात्र घरी बसून करा. ए-फोर म्हणजे 210 बाय 297 मिलिमीटर. 13 सेंटिमीटरच्या चौकोनी स्टेन्सिल्सचे जे संच मिळतात, त्यातल्या दोन एका पानात खाली-वर छान बसतात. सहा इंची असतील तर एका पानात एकच, कारण दोन सहा इंची खाली-वर ठेवल्या की 30 सेंटिमीटरच्या वर जातात, म्हणजे वरची डोकं काढते. आणि बारा इंची चौकोनी स्टेन्सिल ए-थ्रीत बसेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ए-थ्रीची रुंदी 297 मिलिमीटर, बारा इंच म्हणजे 305. कप्पा थोडा सैल असला तरी ती कोपऱ्यांत घासतच आत जाते.

आता मी जे करते आणि ज्यामुळे ही फाइल खरी कामाला आली, ते सांगते. प्रत्येक पानात आधी काळ्या कार्डशीटचा तुकडा, कप्प्यापेक्षा जरा लहान कापलेला. त्यावर स्टेन्सिल. दोन्ही एकत्र आत सरकवायचं आणि एकत्रच बाहेर काढायचं. मायलर दुधी असते, नुसत्या पारदर्शक कप्प्यात ती दिसतच नाही. मागचं पान, त्याच्या मागचं पान, सगळी नक्षी एकमेकींत मिसळते. काळा कागद आला की हंस हंस दिसतो आणि मोर मोर. दुसरा फायदा, कोरड्या हवेत मायलर कप्प्याला आतून चिकटून बसते, बोटानं ओढावी लागते. कार्डाला धरून ओढलं की पुलांना हात लागत नाही. तिसरा, पान ताठ राहतं, त्यामुळे फाइल कपाटात उभी ठेवली तरी स्टेन्सिल खाली बसत नाही. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या पेन्सिलीनं नंबर, तोच नंबर स्टेन्सिलच्या कोपऱ्यात परमनंट मार्करनं. आणि एका शंभर पानी वहीत प्रत्येक स्टेन्सिलचा पेन्सिलीनं काढलेला ठसा, खाली नंबर. विद्यार्थिनी वही चाळतात, मी फाइल उघडते. फाइल हातोहात फिरायची थांबली तेव्हापासून मोडतोड जवळजवळ थांबली आहे.

उणं काय? वजन. कार्डं घातल्यावर फाइल चांगली जड होते, गच्च भरली तर रिंगेचं तोंड पुरतं मिटत नाही आणि त्या फटीतून पानं निसटतात. दोन इंची रिंगेच्या फाइलीत मी तीस-पस्तीस पानांवर जात नाही. शिवाय शीट प्रोटेक्टर स्वस्तातले पातळ घेतले तर भोकांपाशी फाटतात. भोकांच्या कडेला पांढरी जाड पट्टी असलेले घ्या, पैसे थोडे जास्त जातात, पण टिकतात.

ए-थ्री डिस्प्ले बुकबद्दल थोडक्यात. किंमत चारशेच्या आसपास, वीस कप्पे, कव्हर जाड पॉलिप्रॉपिलीनचं. साडीच्या पदराच्या लांब बॉर्डर स्टेन्सिल्स त्यात सुरेख राहतात. पानं हलत नाहीत हा दोष आहेच, पण मोठ्या स्टेन्सिल्स आपल्याकडे असून असून किती असणार? ती उभी ठेवू नका, वरून जड बाजू झुकते. मी दिवाणात सगळ्यात खाली आडवी ठेवते आणि वर गाद्यांची कव्हरं, म्हणजे हलका दाबही राहतो.

फाइलीत जाऊच नयेत अशाही काही गोष्टी आहेत. एमडीएफच्या लाकडी स्टेन्सिल्स दोन-तीन मिलिमीटर जाड असतात, त्यांनी कप्पे ताणले जातात आणि पावसाळ्यात ओल धरली तर त्या वाकतात. त्या सुट्या सपाट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. रांगोळीचे गोल छापे वेगळे, त्यांच्या कडेला उंच काठ असतो. ते एकात एक बसतील असे, मोठा खाली लहान वर, पण आधी कोरड्या ब्रशनं झटकून. रांगोळीची पूड दगडाची असते, ती मायलरला घासली की ओरखडे उठतात. म्हणून रांगोळीचं आणि रंगाचं सामान माझ्याकडे एका खणात कधीच नसतं. छापे धुतले तर उन्हात वाळत घालू नका, पातळ प्लास्टिकची ताटली वाकते तशी त्यांची वाटी होते.

आणि एक माझी लाडकी वस्तू. मथुरा-वृंदावनकडची सांझी, बारीक कात्रीनं कागदात कापलेली, हस्तकला प्रदर्शनात घेतलेली. झाडाखाली गाय आणि तिच्या पायाशी वासरू, आणि झाडाचं एकेक पान वेगळं कापलेलं. तिकडे देवळात अशा कापलेल्या कागदांवरून रंग चाळून जमिनीवर आणि पाण्यावरही चित्रं उठवतात. ही मी वापरायला काढत नाही. तिला प्लास्टिकचा कप्पा नकोच, कागदाला त्यात दमटपणा कोंडतो. दोन बटर पेपरांच्या मध्ये, खाली-वर पुठ्ठा, चारी बाजूंनी सैल सुती नाडी. वर्गातल्या मुलींना दाखवायला काढते तेव्हा पुठ्ठ्यासकट फिरवते.

राहिल्या भिंतीच्या आणि बारा इंची. भिंतीच्या स्टेन्सिल्स गुंडाळून येतात आणि लोक तशाच गुंडाळून ठेवतात. मग रंगवायच्या दिवशी टेप लावूनही कडा उठून येतात. पॅंटसाठी क्लिप असलेले हँगर असतात ना, त्यांना मध्ये कापडाची घडी घालून चिमटवून कपाटात साड्यांच्या मागे टांगा, एका हँगरला दोन-तीन, प्रत्येकीच्या मध्ये वर्तमानपत्र नाही, साधा कोरा कागद. वर्तमानपत्राची शाई लागते. बारा इंचीसाठी स्क्रॅपबुकचे त्याच मापाचे अल्बम येतात, कप्पेही सुटे मिळतात, पण दुकानात विचारलं तर, “येतो कधी कधी, ताई, आणि महाग पडतो,” असं उत्तर मिळालं. किंमत ऐकून मीही ठेवून दिला. आपल्याकडचा कुणी फाइलवाला साडेबारा इंची रुंद कप्प्याची साधी डी-रिंग फाइल काढेल तर डोंबिवलीतून पहिली मी जाऊन घेईन. तोवर माझ्या बारा इंचीही हँगरवरच.