एका टाकीवर दोन शॉवर: प्रेशर पंपाचा वर्षभराचा अनुभव

आमच्या घरी दोन्ही न्हाणीघरांतले शॉवर एकाच वेळी सुरू झाले की दोन्हींची धार मरत असे, आणि अंगावर येणारे पाणी मध्येच कढत होत असे. त्यावर उपाय म्हणून आम्ही गच्चीवरच्या टाकीखाली इन्व्हर्टर प्रेशर पंप बसवला. पाण्याची मागणी वाढेल तसा आपला वेग वाढवून दाब कायम राखणे हे त्याचे काम आहे, आणि ते काम तो वर्षभर चोख करत आहे. मात्र त्याचे पूर्ण श्रेय पंपाला देता येणार नाही.

पाण्याच्या 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरपेक्षा जेमतेम 3 मीटर उंच असल्यामुळे मुळातच 0.3 बारच्या आसपास दाब होता, आणि दोन्ही न्हाणीघरांना मिळून एकच अर्धा इंची पाइप होता. विक्रेत्याने तो पाइप न पाहताच पंप दिला. पहिला आठवडा निराशेचा गेला, कारण एकट्या शॉवरची धार जोमदार झाली, पण दुसरा सुरू करताच ती पुन्हा ढिली पडे. पाइपातला प्रवाह दुप्पट झाला की घर्षणात खर्ची पडणारा दाब जवळपास चौपट होतो, आणि अरुंद पाइपात पंपाने वाढवलेला दाबही वाटेतच संपतो. शेवटी प्लंबरकडून टाकीपासून फाट्यापर्यंत 1 इंची आणि तिथून प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र पाऊण इंची पाइप टाकून घेतला. प्रवाह तेवढाच ठेवून व्यास दुप्पट केला, तर घर्षणातला तोटा सुमारे तिसाव्या हिश्शावर येतो. पूर्वी दोन्ही शॉवर चालू असताना 10 लिटरची बादली भरायला अडीच मिनिटे लागत. आता दोन्हींखाली ती सव्वा मिनिटाच्या आत भरते.

म्हणून पंप घेण्यापूर्वी एवढे पाहावे: एकटा शॉवर चालू असतानाही धार बारीक असेल तर दाब कमी आहे, एकटा जोरात चालतो आणि दुसरा उघडताच मंदावतो, तर आधी पाइप तपासावा.

गरम पाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. पंप गार आणि गरम अशा दोन्ही लाइनींच्या आधी बसवावा, म्हणजे दोन्हींचा दाब सारखा राहतो आणि पाणी अचानक कढत होत नाही. तसेच गिझरवर लिहिलेली दाबाची मर्यादा पाहून घ्यावी, आणि गरम लाइनीला टाकीच्या वर उघडणारा व्हेंट पाइप असेल तर त्याचे काय करायचे हे पंप सुरू करण्यापूर्वीच प्लंबरकडून ठरवून घ्यावे. नाहीतर पंप त्यातूनच पाणी बाहेर फेकत राहतो. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र कोणत्याही कारणाने बंद करू नये.

पंपाच्या उणिवा दोन. कुठलाही नळ थेंबथेंब गळत असेल तर पंप रात्रभर मधूनमधून सुरू होतो; आम्हाला त्यापायी दोन नळांचे वॉशर बदलावे लागले. वीज गेल्यावर पंपातून पाणी फार कमी येते, त्यामुळे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावलेली बायपास लाइन, म्हणजे पंपाला वळसा घालून जाणारा पाइप, सोबतच टाकून घ्यावी. आम्ही ती चार महिन्यांनी टाकली, आणि त्यासाठी नवे प्लास्टर पुन्हा फोडावे लागले.