पुलपीटवरचा गूजनेक माईक: शुअर एमएक्स418 आणि बाकीचे पर्याय, माझं मत

चर्चसाठी माईक घ्यायचा विषय निघाला की कमिटीत पहिला प्रश्न असतो "कुठल्या कंपनीचा?" आणि माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायला पाहिजे. आधी हे बघा की पुलपीटवर, म्हणजे चर्चमध्ये उपदेश आणि वाचन जिथून करतात तिथे, उभं कोण राहतं, तोंड माईकपासून किती लांब असतं आणि स्पीकर कुठे टांगलेत. पाळकांचा आवाज तसाही खणखणीत असतो, त्यांना कुठलाही माईक चालतो हो! खरी परीक्षा शास्त्रपाठाला, म्हणजे बायबलमधला उतारा वाचताना होते. बारीक आवाजाच्या एखाद्या आजी किंवा पहिल्यांदाच उभं राहिलेलं पोर, मान पूर्ण खाली पुस्तकात, आवाज जातोय थेट पानांवर. माईक ट्राय करायचा तर त्यांना उभं करून करा. साऊंडवाल्याने "हॅलो चेक हॅलो" केलं की सगळेच माईक भारी वाटतात.

तर आता माल. मी जो रेकमेंड करतो तो शुअरचा एमएक्स418, म्हणजे 18 इंची गूजनेक (हवी तशी वाकवता येणारी लांब मान असलेला) कंडेन्सर, म्हणजे करंटवर चालणारा जास्त सेन्सिटिव्ह माईक. हाच 12 इंचीत एमएक्स412 म्हणून मिळतो, पण पुलपीटला 18 च घ्या असं माझं म्हणणं. कारण पुलपीटचा वरचा भाग उतरता असतो, त्यावर मोठं पुस्तक उघडं पडलेलं असतं, आणि माईक बसतो त्याच्या पलीकडच्या कडेला. 12 इंची घेतला तर तो पुस्तकाच्या पलीकडेच संपतो आणि वाचणाऱ्याला पुढे वाकावं लागतं, जे कोणी करत नाही. 18 वाला वाकवून हनुवटीच्या थोडा खाली, तोंडापासून साधारण वीतभर ते दीड वीत आणता येतो. थेट तोंडासमोर धरायचा नाही, खालून तोंडाकडे रोखायचा, म्हणजे "प", "फ", "भ" ला फटफट होत नाही आणि चेहराही झाकला जात नाही.

अंतराचं गणित सोपंय पण फार निष्ठुर आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबल पडतो. म्हणजे 20 सेंटीमीटरवर बोलणारा माणूस 40 वर गेला की तुम्ही मिक्सरवर तेवढा गेन (माईकचा आवाज मोठा करायचं प्रमाण) वाढवणार, आणि गेन वाढला की स्पीकरचा आवाजही माईकमध्ये तेवढाच जास्त शिरणार, मग ती शिट्टी. लोक म्हणतात कंडेन्सर माईक "लांबून आवाज ओढतो". ओढत बिढत काही नाही. त्याची सेन्सिटिव्हिटी जास्त असते म्हणजे गेन कमी लावावा लागतो एवढंच, शिट्टी कधी वाजणार हे माईक तोंडापासून किती लांब, स्पीकरपासून किती लांब आणि त्याचा पॅटर्न (कुठल्या दिशेने किती ऐकतो) कुठला यावर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानदाराच्या निम्म्या गप्पा आपोआप गळून पडतात.

पॅटर्नचं सांगतो. या माईकमध्ये कार्डिओइड, सुपरकार्डिओइड आणि ओम्नी असे तीन प्रकार मिळतात, आणि चांगली गोष्ट म्हणजे पुढची कॅप्सूल (आवाज पकडणारं टोक) फिरवून काढून बदलता येते, अख्खा माईक बदलावा लागत नाही. ओम्नी पुलपीटला विसरा, तो सगळीकडून ऐकतो. कार्डिओइड बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिओइड बाजूने जास्त कापतो पण पाठीमागून थोडं ऐकतो, त्याची सगळ्यात बहिरी जागा मागच्या बाजूला तिरकी, साधारण 125 डिग्रीवर असते. त्यामुळे मॉनिटर (बोलणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) कुठे ठेवलाय ते बघून निवडा. पुलपीटवर माणसं मान इकडेतिकडे फिरवत बोलतात, म्हणून मी कार्डिओइडच म्हणेन, त्याचा पट्टा रुंद असतो, मान वळली तरी आवाज लगेच पातळ होत नाही. चर्च दगडी, उंच छताचं आणि घुमणारं असेल तर सुपरकार्डिओइडचा विचार करा, पण मग वाचणाऱ्यांना जागेवर स्थिर उभं राहायची सवय लावावी लागेल, आणि ती सवय लावणं माईक घेण्यापेक्षा अवघड काम आहे 😄

आवाजाची क्वालिटी स्वच्छ, बोलणं स्पष्ट कळतं, "स" आणि "श" टोचत नाहीत. कंपनीने रेंज 50 हर्ट्झ ते 17 किलोहर्ट्झ दिलीय, बोलण्यासाठी भरपूर झाली. उलट खालचा भाग मी मिक्सरवर कापतोच, 80 ते 100 हर्ट्झचं लो-कट चालू ठेवायचं म्हणजे ठेवायचंच, कारण पुलपीट म्हणजे लाकडाचा पोकळ खोका, उपदेश रंगात आला की त्यावर हात आपटतो आणि माईक थेट लाकडात स्क्रूने बसवला असेल तर अख्ख्या हॉलला धप्प ऐकू येतं. सोबत रबरी शॉक माउंट येतो तो लावा. बरेच लोक तो खोक्यातच ठेवून देतात, का ते देव जाणे. पानं उलटल्याचा आवाज मात्र कुठलाच शॉक माउंट थांबवत नाही, तो हवेतून येतो. माईकचं तोंड पुस्तकाच्या कडेपासून थोडं वर ठेवलं तर कमी होतो.

मोबाईलचा त्रास आठवतो का, पुलपीटवर ठेवलेला फोन आणि स्पीकरमधून ती टिकटिक-घुर्रर्र? या सिरीजमध्ये त्यासाठी शील्डिंग आहे, कॉमशील्ड म्हणतात. हल्ली बायबल ॲप फोनवरच वाचतात त्यामुळे हे फीचर नुसतं ब्रोशरपुरतं नाही, कामाचं आहे. स्वस्तातले बिननावाचे गूजनेक इथेच उघडे पडतात. शिवाय त्यांची मान काही महिन्यांत ढिली पडते आणि उपदेशाच्या मध्येच माईक हळूहळू पुस्तकाकडे मान टाकतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा, फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरमधून केबलवाटे माईकला मिळणारा करंट. कंडेन्सर आहे, करंट लागतो. 11 ते 52 व्होल्ट चालतात, म्हणजे मिक्सरचं नेहमीचं 48 व्होल्ट वालं बटण पुरतं. पण जुना पीए ॲम्प्लिफायर असेल, ज्याला फक्त मोठा जॅक लागतो, तर हा माईक लावून काहीही ऐकू येणार नाही आणि मग लोक म्हणतात माईक खराब निघाला. एक्सएलआर ते एक्सएलआर तीन पिनची बॅलन्स्ड केबलच पाहिजे, मध्ये जॅकची जोडाजोडी नको. ॲम्प्लिफायर बदलायचा नसेल तर वेगळा फँटम सप्लायचा डबा मिळतो.

आता "एसएम58 आहे ना पडलेला, तोच स्टँडवर लावू" वाल्यांसाठी. शुअरचाच हा हातात धरायचा माईक वाईट अजिबात नाही, 1966 पासून चालतोय आणि आपटला तरी मरत नाही, फँटमही लागत नाही. पण तो जवळून गाण्यासाठी बनलाय. दोन-तीन बोटांवर भरदार वाटतो आणि हातभर लांब गेलात की खालचा आवाज गायब होऊन पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं वाटतं. गाणाऱ्यांना द्या, पुलपीटला नको. हा, डायनॅमिक (58 सारखा, फँटम न लागणारा) माईक पुलपीटवर चालतच नाही असंही नाही, अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या पोडियमवर वर्षानुवर्षं एसएम57 दिसतोय, पण तिथे बोलणारा ट्रेन केलेला असतो आणि जागचा हलत नाही.

आणि त्याच फोटोंमुळे एक खूळ पसरलंय, पुलपीटवर दोन माईक. तिथला दुसरा माईक बॅकअप असतो हो! तुम्ही डावीकडे एक उजवीकडे एक लावून दोन्ही चालू ठेवले तर एकाच तोंडाचा आवाज दोघांत थोडा मागेपुढे पोचतो, त्यात काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात आणि मान हलली की आवाजाचा रंग बदलतो. वर चालू माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारा गेन 3 डेसिबलने कमी होतो तो वेगळाच. एकच लावा, त्या पैशात एक चांगली केबल घ्या.

कमी काय आहे? साध्या 418 ला स्विच नाही, त्यासाठी डी वालं मॉडेल आहे, टेबल बेस, म्यूट बटण आणि लाईटसकट. पण पुलपीटवर बटण नसलेलंच बरं, कोणीतरी बंद करून जातो आणि पुढचा दोन वाक्यं मुक्याने वाचतो, सगळे मागे साऊंडवाल्याकडे बघतात. फोमची टोपी फार सहज निघते, पोरं काढून नेतात, एक्स्ट्रा घेऊन ठेवा. आणि बजेट खूपच कमी असेल तर हा जरा जड जातो हे खरंय, तेव्हा त्याच कंपनीची सीव्हीजी सिरीज बघा, कमी बजेटवाल्यांसाठीच आहे.

पाळक पुलपीट सोडून फिरत बोलत असतील तर मात्र गूजनेकचा काही उपयोग नाही, त्यांना हेडसेट द्या. कॉलरचा माईक छातीवर असतो, मान खाली-वर झाली की आवाज बदलतो आणि शिट्टीही लवकर देतो, हेडसेट तोंडासोबत फिरतो. फक्त ते पुलपीटवर आले की दोन्ही माईक एकदम चालू ठेवू नका, पुलपीटचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खाली घ्या, आणि शास्त्रपाठाला कोणी उठलं की परत वर.