पहिली क्लासिक मोहीम कोणती चालवावी: कीप, टूम, स्ट्राड की फॅन्डेल्व्हर?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत आणि फासे टाकत खेळायच्या खेळाची एखादी 'क्लासिक' मोहीम चालवायची असं ठरवून कोणी शोधायला बसलं, की चार नावं हमखास पुढे येतात: 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स', 'टूम ऑफ हॉरर्स', 'रेव्हनलॉफ्ट' (आजच्या रूपात 'कर्स ऑफ स्ट्राड') आणि 'लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर'. चारही नावाजलेल्या, पण टेबलावर आणल्या की एकीचा दुसरीशी फारसा संबंध उरत नाही. जी मोहीम एका गटाने वर्षभर डोक्यावर घेतली, तीच दुसऱ्या गटाने तिसऱ्या सेशनला, म्हणजे तिसऱ्या बैठकीला गुंडाळलेली असते. यातलं काही खेळाडू म्हणून खेळायचा बेत असेल तर इथेच थांबा; पुढे बरीच रहस्यं फुटणार आहेत.

लोकप्रियतेच्या याद्या निवडीला फारशा कामाच्या नाहीत. 'डंजन' मासिकाने २००४ साली आजवरच्या तीस सर्वोत्तम मोहिमांची यादी छापली. तिच्यात पहिला नंबर 'क्वीन ऑफ द स्पायडर्स'चा होता. राक्षसांच्या गढ्यांपासून ड्राऊ नावाच्या काळ्या एल्फांच्या पाताळापर्यंत नेणारी सात मॉड्यूल्सची, म्हणजे छापील तयार मोहिमांची ती मालिका. थोर आहे, पण नव्या डीएमने (खेळ चालवणाऱ्या 'डंजन मास्टर'ने) ती हातात घ्यावी असं मी म्हणणार नाही.

मोहीम क्लासिक होण्यात वितरणाचा वाटा मोठा असतो, हे मान्यच करायला हवं. 'कीप' सुरुवातीच्या बॉक्समध्ये घालून विकली गेली आणि 'फॅन्डेल्व्हर'ही २०१४च्या स्टार्टर सेटमधूनच घरोघरी पोचली. पण तेवढ्याने भागत नाही. त्याच वर्षी, नियमांच्या त्याच पाचव्या आवृत्तीसाठी 'होर्ड ऑफ द ड्रॅगन क्वीन' हे पुस्तक आलं. त्याची सुरुवात जोरदार आहे: पेटलेलं गाव, वर घिरट्या घालणारा निळा ड्रॅगन. पुढे मात्र पात्रांनी एका काफिल्याबरोबर मुकाट उत्तरेला जायचं असतं. कोणी वेगळी वाट धरली की डीएमची पंचाईत. नियम पक्के होत असतानाच ते लिहिलं गेलं होतं, हेही खरं. तरी आज दोन अनोळखी डीएम भेटले तर ते 'फॅन्डेल्व्हर'मधल्या गॉब्लिनांच्या गुहेबद्दल बोलतात, काफिल्याबद्दल नाही. कारण गुहेत प्रत्येक टेबलावर वेगळं काहीतरी घडलेलं असतं आणि काफिल्यात सगळ्यांचं सारखंच.

माझी कसोटी हीच आहे. जागा सगळ्यांची एक, पण तिथे जे घडतं ते ज्याचं त्याचं. चारही मोहिमा या कसोटीला उतरतात. फरक आहे तो डीएमच्या वाट्याला किती काम येतं, यात.

'फॅन्डेल्व्हर'मध्ये ते काम सगळ्यांत कमी. चौसष्ट पानांची पुस्तिका, पात्रांच्या ताकदीच्या पहिल्या ते पाचव्या पायरीपर्यंतची (लेव्हलपर्यंतची) मजल आणि सेटमध्ये पाच तयार पात्रं. रस्त्यात बाणांनी मारलेले दोन घोडे दिसतात, झुडपांतून गॉब्लिन तुटून पडतात, त्यांच्या मागावर गेलं की गुहा. त्या गुहेत यीमिक नावाचा गॉब्लिन एका कैद्याला मारायची धमकी देत सौदा मांडतो: आमचा म्होरक्या क्लार्गला मारा, मी याला सोडतो. दुसऱ्याच सेशनमध्ये नवख्या खेळाडूंना उमगतं की इथे तलवारीशिवायही वाटा आहेत. ही शिकवण नियमपुस्तकाची शंभर पानं वाचून मिळत नाही.

दोष दोन आहेत. पहिल्याच झटापटीत गॉब्लिनांचे फासे चालले, तर पहिल्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची अख्खी टोळी आडवी होते. अशा वेळी त्यांना मारण्याऐवजी कैद करून गुहेत न्यायला लावा, गोष्ट उलट रंगते. दुसरा दोष जास्त खटकणारा. खलनायक ब्लॅक स्पायडर शेवटच्या खाणीपर्यंत जवळजवळ दिसतच नाही. खेळाडू त्याला भेटतात तेव्हा 'हा कोण?' असा चेहरा करतात. त्याची पत्रं, त्याचे हस्तक, जमल्यास तो स्वतः वेश बदलून, असं काहीतरी आधीच पेरून ठेवा. २०२३ साली 'फॅन्डेल्व्हर अँड बिलो' या नावाने ही मोहीम वाढवून बाराव्या लेव्हलपर्यंत नेली गेली. मला मूळ पुस्तिकाच बरी वाटते. आटोपशीर आहे आणि संपते.

'कीप'चा प्रकार उलटा. खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने लिहिलेल्या या मॉड्यूलमध्ये एका बाजूला सरहद्दीवरचा किल्ला आहे, दुसऱ्या बाजूला केव्ह्ज ऑफ केऑस नावाची घळ, आणि गोष्ट अशी जवळजवळ नाहीच. किल्ल्यातल्या माणसांना नावंसुद्धा नाहीत. नुसता किल्लेदार, नुसता पुजारी. एक गुहा तर डीएमने स्वतः रचावी म्हणून मुद्दाम कोरी सोडली आहे. हे वाचून काहींना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, काहींचे हात शिवशिवायला लागतात. तुम्ही दुसऱ्यांपैकी असाल तर यासारखं मॉड्यूल नाही.

यातली गंमत घळीतल्या शेजाऱ्यांमध्ये आहे. कोबोल्ड, ऑर्कांच्या दोन टोळ्या, गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, नोल असे सगळे भिंतीला भिंत लावून राहतात आणि त्यांची आपापसांत फोडाफोड करता येते. गॉब्लिनांनी शेजारच्या ओगरला भाडोत्री मदतीला ठरवून ठेवलंय: संकट आलं की चोरदारातून २५० सोन्याच्या नाण्यांची थैली त्याच्याकडे भिरकावायची. त्यांची हाक आहे 'ब्री-यार्क!' आणि किल्ल्यात पसरलेल्या अफवांपैकी एक अशी की या शब्दाचा अर्थ 'आम्ही शरण आलो'. अफवा खोटी आहे. एवढ्या एका ओळीवर किती पार्ट्या फसल्या असतील कोण जाणे. मात्र डीएमने ही फोडाफोड खेळवली नाही, तर उरतात ती एकामागून एक खोल्या साफ करण्याची कंटाळवाणी सेशन्स. 'कीप बोअर आहे' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती तशीच खेळलेली असते. मूळ रूप नको असेल, तर २०२५चा 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' हा स्टार्टर सेट याच मॉड्यूलवर बेतलेला आहे.

'टूम ऑफ हॉरर्स'बद्दल थोडक्यात. १९७५ साली ओरिजिन्स या अधिवेशनातल्या स्पर्धेसाठी गायगॅक्सने ती वापरली, १९७८ साली छापली. राक्षस मोजकेच, सापळे अगणित. प्रवेशमार्गाच्या टोकाला हिरव्या सैतानाचं तोंड आ वासून बसलेलं आहे; त्यात शिरणारा कायमचा नाहीसा होतो, वाचवणारा फासा नाही. हे अन्यायी आहे आणि ते तसं असणं हाच त्याचा मुद्दा आहे. अर्धं वर्ष जपलेली पात्रं घेऊन इथे कोणाला नेऊ नका, मैत्री तुटेल. पण एक-दोन रात्रींसाठी, तयार पात्रं वाटून, 'कोण किती खोल जातं ते बघू' म्हणून खेळलात तर हशा आणि किंकाळ्या दोन्ही भरपूर. मूळ मॉड्यूलसोबत खेळाडूंना दाखवायच्या चित्रांची पुस्तिका येते, ती वापराच. शब्दांत वर्णन करताना डीएमच्या आवाजावरूनच सापळा कुठे आहे ते कळतं.

राहिला स्ट्राड. ट्रेसी हिकमनला एकदा खेळताना डंजनच्या एका खोलीत व्हॅम्पायर भेटला आणि प्रश्न पडला: हा इथे करतोय काय? त्या प्रश्नातून त्याचं आणि त्याची बायको लॉराचं १९८३चं 'रेव्हनलॉफ्ट' उभं राहिलं. बत्तीस पानांत एक शापित दरी, वाड्याचे उभेआडवे सगळे मजले एकत्र दाखवणारे नकाशे आणि ज्याला काहीतरी हवंय असा खलनायक, व्हॅम्पायर स्ट्राड. त्यातली सगळ्यांत हुशार कल्पना म्हणजे मादाम इव्हाची पत्ते मांडून भविष्य सांगण्याची बैठक. सूर्याची तलवार कुठे, स्ट्राड शेवटी कुठे गाठ पडणार, हे पत्ते ठरवतात. त्यामुळे दोन गटांचा शेवट सहसा एकाच खोलीत होत नाही, आणि दुसऱ्यांदा चालवणारा डीएमही नव्याने बसतो.

२०१६च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'ने ती बत्तीस पानं २५६ केली. वल्लाकी गाव, तिथले सक्तीचे उत्सव, अँबर टेम्पल अशी खरी दरी त्यातून तयार झाली. चौघींत मी हिलाच सर्वांत वरची मानतो, आणि पहिल्यांदाच डीएम होणाऱ्याला नकोच म्हणतो. पात्रं खूप आहेत, एकाने काही केलं की त्याचे पडसाद तीन गावांत उमटतात, आणि पुस्तकात माहिती इतकी विखुरलेली आहे की आधी पूर्ण वाचून टिपणं काढल्याशिवाय गत्यंतर नाही. सुरुवातीचं डेथ हाउस पहिल्या लेव्हलच्या पात्रांना सहज खातं. थेट तिसऱ्या लेव्हलला गावातून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. मात्र स्ट्राडला वाड्यात बसवून ठेवलंत तर सगळंच बिघडेल. त्याने यावं, गप्पा माराव्यात, मदतसुद्धा करावी. वातावरण सतत काळवंडलेलं आहे, त्यामुळे टेबलावर कोणाला काय सोसवत नाही हे आधीच बोलून घ्या. दरीतल्या भटक्या व्हिस्तानी लोकांच्या चित्रणावर टीका झाल्यावर २०२०च्या आवृत्तीत बदल झाले; विकत घेणार असाल तर ती घ्या.

गटातल्या कोणीच आधी खेळलेलं नसेल तर 'फॅन्डेल्व्हर'. दहाएक सेशन्स सांभाळून झाल्यावर आणि तेच चारपाच जण वर्षभर येतील अशी खात्री असेल तर स्ट्राड. स्वतःचं जग रचायची हौस असेल तर 'कीप'. 'टूम' मधल्या सुट्टीसाठी.

एवढंही जड वाटलं तर लॉरेन्स शिकचं 'व्हाइट प्लूम माउंटन' बघा. तेव्हा हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीत नोकरी मिळावी म्हणून नमुना म्हणून पाठवलेलं, १९७९ साली छापलेलं, आणि 'टूम'सोबतच 'टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल' या २०१७च्या संग्रहात पाचव्या आवृत्तीच्या नियमांसह मिळतं. ज्वालामुखीत दडवलेली तीन शस्त्रं शोधायची, तर्काला फाटा देणाऱ्या खोल्यांमधून वाट काढायची, दोन-तीन बैठकांत काम तमाम. फक्त त्या तिघांतली ब्लॅकरेझर ही आत्मे पिणारी तलवार चालू कॅम्पेनमध्ये कोणाच्या हाती जाऊ द्यायची की नाही, ते आधी ठरवा.