अबादो ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी : व्हेर्दीच्या ऑपेरापासून की माहलरच्या सिंफनीपासून?

इटालियन वाद्यवृंद-संचालक क्लाउदिओ अबादो (१९३३–२०१४) यांचे काम मनापासून ऐकायचे ठरवले की दोन वाटा समोर येतात. एक वाट मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाची. तिथे ते १९६८ पासून १९८६ पर्यंत संगीत-संचालक होते. दुसरी स्वित्झर्लंडमधल्या लूसर्नच्या वाद्यवृंदाची, जो त्यांनी मोठ्या आजारातून उठल्यावर २००३ मध्ये उभा केला. मधली बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबरची वर्षे महत्त्वाची आहेतच, परंतु त्यांच्या वृत्तीची दोन टोके मला या दोन ठिकाणीच सर्वांत ठळक दिसतात. म्हणून पहिल्या वाटेसाठी १९७७ साली ध्वनिमुद्रित झालेला इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ऑपेरा ‘सिमोन बोक्कानेग्रा’ आणि दुसरीसाठी २०१० साली लूसर्नला चित्रित झालेली ऑस्ट्रियन संगीतकार माहलरची नववी सिंफनी, म्हणजे केवळ वाद्यवृंदासाठी लिहिलेली चार भागांची दीर्घ रचना, असे दोन नमुने मी समोर ठेवतो.

बहुतेक जाणकार नवागताला माहलरकडे पाठवतात आणि त्यामागची कारणे योग्य आहेत. भाषेची अडचण नाही, कथानक लक्षात ठेवावे लागत नाही, आणि सुमारे दीड तासात एक संपूर्ण अनुभव पदरात पडतो. लूसर्नच्या या वाद्यवृंदात क्लॅरिनेटवादक सबिने मायर यांच्यासारखे नामवंत एकल वादक केवळ अबादोंसोबत वाजवायला मिळावे म्हणून येऊन बसत. त्यामुळे हुकुमत आणि आज्ञापालन यांपेक्षा वेगळे, मैत्रीचे म्हणावे असे नाते त्या वादनात ऐकू येते. शेवटच्या पानावर फक्त तंतुवाद्ये उरतात, तीही विरत जातात, आणि त्यानंतर सभागृहात सुमारे दोन मिनिटे कोणीही टाळी वाजवत नाही. माझी सुरुवातही इथूनच झाली आणि कित्येक महिने मला दुसरे काही ऐकावेसे वाटले नाही.

मात्र एक गोष्ट हळूहळू खटकू लागली आणि अखेर तिनेच माझा कौल फिरवला. ती म्हणजे चित्रीकरणातला चेहरा. सिंफनीच्या मैफलीचे चित्रीकरण, मग ते कोणाचेही असो, भावनेचा क्षण आला की संचालकाच्या चेहऱ्याकडे वळते, आणि अबादोंचा चेहरा तर इतका बोलका की त्यांचे मिटत आलेले डोळे आणि तरंगणारा डावा हात पाहताना संगीत तेच सांगते आहे असे वाटू लागते. तिसऱ्या भागाच्या मध्यावर, सगळा कल्लोळ थांबल्यावर, ट्रम्पेट एक लांब, शांत ओळ वाजवते. तिच्यात मुरकीसारखे एक वळण आहे आणि अख्खा शेवटचा भाग पुढे त्याच वळणावर उभा राहतो. ते चित्रीकरण मी चार वेळा पाहिले होते, तरी हा संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता. मी ट्रम्पेट ऐकत नव्हतो. ट्रम्पेट ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा पाहत होतो. हा अनुभव सर्वांनाच येईल असा माझा दावा नाही, परंतु तो आल्यावर मला त्याकडे दुर्लक्ष करता आले नाही.

‘बोक्कानेग्रा’चे हे ध्वनिमुद्रण नुसतेच ऐकायचे आहे; त्यात संचालक दिसण्याचा प्रश्नच येत नाही, आणि म्हणूनच तो ऐकू येतो. पहिल्या अंकात जेनोवाचा राज्यप्रमुख सिमोन आणि त्याची हरवलेली मुलगी यांची ओळख पटते. त्या युगुलगीताच्या शेवटी सिमोन गाणारे पिएरो काप्पुच्चिल्ली ‘मुलगी’ हा एकच इटालियन शब्द उंच स्वरावर, अगदी हलक्या आवाजात धरतात आणि खाली हार्प वाजत राहते. तिथे अबादो काय करतात, तर वाट पाहतात. वाद्यवृंद गायकाच्या पुढे जात नाही आणि मागेही रेंगाळत नाही. साथ कशी असावी याचा मी ऐकलेला हा सर्वांत सुंदर नमुना आहे. त्याच अंकाच्या अखेरीस, राज्यसभेच्या प्रसंगात, सिमोन अपराधी पाओलोला स्वतःलाच शाप द्यायला लावतो, तेव्हा बास क्लॅरिनेट हे खर्जातले सुषिर वाद्य तळातून सरपटत येते आणि समूहगायक शापाचे शब्द पुटपुटतात. ती कुजबुज अबादो इतकी दबकी ठेवतात की आरडाओरडीपेक्षा तीच अधिक घाबरवते.

त्यांच्या घडणीशीही हे जुळते, असे मला वाटते. व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद-संचालन शिकत असताना अबादो आणि त्यांचे सहाध्यायी झुबिन मेहता यांनी समूहगायनात जागा मिळवली, ती थोर संचालकांच्या तालमी आतून पाहता याव्यात म्हणून. ज्याने हा व्यवसाय गाणाऱ्यांच्या रांगेत उभे राहून पाहिला, तो पुढे वादकांना ‘ऐका’ एवढेच पुन्हापुन्हा सांगत असे, यात मला नवल वाटत नाही. १९८२ मध्ये ला स्कालाच्या वादकांची स्वतंत्र फिलहार्मोनिक, म्हणजे मैफली करणारा वाद्यवृंद, त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली, म्हणजे ऑपेरात रोज गायकांना साथ करणारी माणसे सिंफनीच्या मंचावर आली. लूसर्नच्या वाद्यवृंदाचे मूळ मला तिथे दिसते.

ऑपेराच्या वाटेने जाण्यात कष्ट आहेत, हे मान्य केले पाहिजे. कथानक गुंतागुंतीचे आहे, नांदी आणि पहिला अंक यांच्या मधली पंचवीस वर्षे पात्रे गाण्यातूनच सांगतात, आणि संहिता हातात धरून ऐकले तर लक्ष दुभंगते. ती आधी एकदा वाचून बाजूला ठेवावी हे बरे. शिवाय ऑपेरातला मानवी आवाज ज्यांना मुळातच सोसत नाही, त्यांनी माझे न ऐकता सरळ माहलरकडे जावे. उत्तरायुष्यातल्या अबादोंची ती विलक्षण पारदर्शकताही १९७७ च्या या ध्वनिमुद्रणात नाही. ती हवी असेल तर लूसर्नला पर्याय नाही.

तरीही कोणी मला विचारले तर मी आधी ‘बोक्कानेग्रा’ सुचवेन, आणि माहलर काही महिन्यांनी. मी स्वतः वर्षभर ऑपेरा ऐकून पुन्हा त्या चित्रीकरणाकडे वळलो, तेव्हा पडद्याकडे पाठ करून बसलो होतो. तिसऱ्या भागात ट्रम्पेटची ओळ आली, आणि तिच्यातले ते वळण शेवटच्या भागात व्हायोलिनांनी उचलले तेव्हा मी ते लगेच ओळखले.