मेव्हनचं ॲन्टरन प्लगिन: जुन्या बिल्डसाठी कामाचं, पण क्लासपाथ समजून घ्या

जिनिंगच्या वजनकाट्यावर पावती काढणारा जावा प्रोग्राम समजा. बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याचं काम, सगळं ॲन्ट या बिल्ड साधनाच्या जुन्या बिल्ड.एक्सएमएल फाइलमध्ये, बाकीचं काम आता मेव्हन या दुसऱ्या बिल्ड साधनावर न्यायचं, आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागणार. अशा वेळी ती अख्खी फाइल नव्याने लिहायला बसू नका. मेव्हन-ॲन्टरन-प्लगिन घ्या. पीओएममधून (मेव्हनच्या प्रोजेक्टची मुख्य फाइल) ॲन्टचे टास्क, म्हणजे त्याची एकेक कामं, थेट चालतात, ॲन्ट वेगळं बसवावंही लागत नाही. आवृत्ती मात्र पीओएममध्ये पक्की लिहा. आमची पसंती ३.१.० ला. इंटरनेटवरची जुनी उदाहरणं 'टास्क्स' या टॅगची आहेत. तो टॅग ३.०.० पासून काढून टाकला आहे, त्या जागी 'टार्गेट' लिहायचं.

खरी डोकेदुखी क्लासपाथची, म्हणजे जावा आपले क्लास आणि जार (क्लास एकत्र बांधलेली फाइल) जिथे शोधतं त्या यादीची. नुसतं 'ॲन्ट' चालवलं की बिल्ड होतो, 'एमव्हीएन' (मेव्हनची कमांड) चालवलं की टास्क सापडत नाही. कारण सरळ आहे. हे प्लगिन ॲन्टला मेव्हनच्याच जेव्हीएममध्ये (जावा चालवणाऱ्या यंत्रणेत) लायब्ररी म्हणून चालवतं. ॲन्ट सुरू करणारा लाँचर मध्ये येतच नाही, त्यामुळे ॲन्ट-होमच्या लिब फोल्डरमध्ये किंवा घरच्या .ॲन्ट/लिबमध्ये टाकलेले जार कोणी बघत नाही. मग बहुतेक जण ते जार प्रोजेक्टच्या डिपेंडन्सीत (लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) टाकतात, आणि एरर जसाच्या तसा राहतो. टास्कला लागणारे जार प्लगिनच्या स्वतःच्या 'डिपेंडन्सीज' ब्लॉकमध्येच लिहावे लागतात. एससीपी टास्क (दुसऱ्या मशीनवर फाइल पाठवणारा) हवा तर तिथे ॲन्ट-जेएसच आणि जेएसच, दोन्ही. ॲन्टचे असे जोडजार प्लगिनमधल्या ॲन्टच्याच आवृत्तीचे ठेवा. ती आवृत्ती 'एमव्हीएन -एक्स'च्या आउटपुटमध्ये 'पॉप्युलेटिंग क्लास रेल्म' या ओळीखालच्या 'इन्क्लुडेड' यादीत दिसते. टास्क क्लासपाथवर आहे की नाही, याचा निकालही तीच यादी देते. अंदाजाने जार बदलत बसण्याआधी ती वाचा.

ॲन्ट-कॉन्ट्रिब (ॲन्टच्या जादा टास्कची लायब्ररी) वापरणाऱ्यांनी इथे थांबून बघावं. त्याची १.०बी३ आवृत्ती आपल्यासोबत ॲन्ट १.५ ओढून आणते. ॲन्टचा ग्रुप आयडी (जार कोणाचा हे मेव्हनला सांगणारं नाव) १.७.० पासून 'ॲन्ट'चा 'ओआरजी.अपाचे.ॲन्ट' झाला, त्यामुळे मेव्हनच्या लेखी हे दोन वेगळेच जार. तो एकाला वगळत नाही आणि दोन्ही ॲन्ट एकाच क्लासपाथवर येऊन बसतात. नो-सच-मेथडसारखे एरर येतात आणि दोष भलत्याच टास्कवर जातो. त्या डिपेंडन्सीत ॲन्ट:ॲन्ट एक्सक्लूड करा. टास्कडेफला (ॲन्टला नवा टास्क ओळखवणारा टॅग) क्लासपाथरेफ म्हणून 'मेव्हन.प्लगिन.क्लासपाथ' द्या.

दुसरा घोळ बाहेरच्या बिल्ड.एक्सएमएलचा. प्लगिन 'मेव्हन.कंपाइल.क्लासपाथ', 'मेव्हन.रनटाइम.क्लासपाथ' आणि 'मेव्हन.टेस्ट.क्लासपाथ' हे रेफरन्स (नावाने बोलावता येणारे तयार क्लासपाथ) तयार करून देतं. पण ॲन्टचा 'ॲन्ट' टास्क दुसरी फाइल बोलावतो तेव्हा प्रॉपर्टी आपोआप पुढे जातात, रेफरन्स जात नाहीत. 'रेफरन्स नॉट फाउंड' तिथूनच येतं. 'इनहेरिटरेफ्स' ट्रू केलं की चालतं, पण मग तीच फाइल नुसत्या ॲन्टने चालत नाही. आम्हाला दुसरी वाट जास्त पटते: टार्गेटमध्ये रेफआयडी देऊन कंपाइल क्लासपाथची प्रॉपर्टी बनवा, बाहेरच्या फाइलमध्ये तिचा 'पाथ' करा. नुसत्या ॲन्टने चालवताना तीच प्रॉपर्टी -डी लावून देता येते. इथे पाथएलिमेंटला 'पाथ' ॲट्रिब्यूट लावायचा, 'लोकेशन' नाही. लोकेशन लावलं तर ती जारची लांबलचक माळ एकाच फाइलचं नाव समजली जाते. मग काट्याच्या सिरियल पोर्टची जेसिरियलकॉम लायब्ररी पीओएममध्ये असूनही 'पॅकेज डज नॉट एक्झिस्ट' येतं.

एररमध्ये ओळ क्रमांक दिसतो तो तुमच्या पीओएमचा नसतो. प्लगिन टार्गेट/ॲन्टरनमध्ये बिल्ड-मेन.एक्सएमएल तयार करतं, क्रमांक त्या फाइलचा. ती उघडा, चूक लवकर सापडते. एररचा मजकूर याहून स्पष्ट हवा होता, ही आमची या प्लगिनबद्दलची मुख्य तक्रार.

अनेक मॉड्यूल असतील तर 'पॅकेज'च्या आधीच्या फेजमध्ये (बिल्डच्या टप्प्यात) शेजारच्या मॉड्यूलचा जार तयार नसतो, क्लासपाथवर त्याचं टार्गेट/क्लासेस फोल्डर येतं. ॲन्टमध्ये जारचं नाव गृहीत धरलेली कॉपी तिथेच पडते. जावा ८ वर 'अनेबल टू फाइंड अ जावासी कंपायलर' आलं तर जावा-होम जेआरईकडे (नुसता जावा चालवणारा संच) आहे, ते जेडीकेकडे (कंपायलरसकटचा संच) वळवा.

खेड्यात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. साइटवर जाण्याआधी, नेट धड असताना, प्रत्यक्ष लागणारा पूर्ण बिल्ड एकदा शेवटपर्यंत चालवा. प्लगिनचे जारही तेव्हाच .एम२ मध्ये (मशीनवरचं मेव्हनचं फोल्डर) उतरतात. मग 'एमव्हीएन -ओ'ने (ऑफलाइन) पुन्हा चालवून खात्री करा. जिनिंगवर लाइन गेली, हॉटस्पॉट बंद पडला तरी बिल्ड अडत नाही. एखादा जार 'सापडला नाही' अशी नोंद मेव्हनने ठेवली असेल तर रिपॉझिटरी (जार जिथून उतरतात तो साठा) दुरुस्त केल्यावरही तो लगेच पुन्हा शोधत नाही. 'एमव्हीएन -यू' द्यावं लागतं.

नवा प्रोजेक्ट असेल तर हे प्लगिन घेऊ नका. फाइल कॉपी करायला रिसोर्सेस प्लगिन आहे, झिप करायला असेंब्ली प्लगिन.