डिप्रेशनचा ऑनलाइन कोर्स घेण्याआधी हे वाचा

माझा धाकटा भाऊ अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे. डिप्रेशनसाठी नाशिकमधल्याच एका डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. रात्री झोप येईना म्हणून मोबाईल चाळताना त्याला जाहिरात दिसली: 'गोळ्यांशिवाय ९० दिवसांत डिप्रेशनमुक्त'. आधी मोफत चाचणी.

ती चाचणी म्हणजे पीएचक्यू-९. जगभरचे डॉक्टर वापरतात, कुणालाही फुकट मिळते. यांनी तिला फक्त स्वतःचं नाव चिकटवलं होतं. तिचा नववा प्रश्न असतो, मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का. भावाने 'जवळजवळ रोज' निवडलं. असं उत्तर आल्यावर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या माणसाशी बोलायचं असतं, तो सुरक्षित आहे ना ते बघायचं असतं. इथे फोन आला तो विक्रीचा. "सर, तुमचा स्कोअर गंभीर आहे. ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे." मरणाच्या विचारांवर धंदा करणाऱ्यांना काय म्हणावं? माझा संताप अजून शमलेला नाही.

२४,९९९ रुपये क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर गेले. मिळालं काय, तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक 'माइंड कोच'. त्या कोचने गोळ्या बंद करायला लावल्या. मग चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. कोच म्हणे, "शरीरातलं विष बाहेर पडतंय." डॉक्टरांनी सांगितलं, गोळी एकदम तोडली की असंच होतं, ती त्यांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.

'शंभर टक्के पैसे परत' याची अट काय, तर रोजचा व्हिडिओ आणि वर्कशीट, एकही दिवस न चुकवता. भावजय त्याला नुसतं अंघोळीला उठवायची तरी अर्धी सकाळ जायची. आजारी माणसाला पुरी करताच येऊ नये अशीच ती अट होती.

ऑनलाइन उपचार सगळेच खोटे नसतात. सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलण्यातून होणारा उपचार, इंटरनेटवरून देण्यावर बरंच संशोधन झालंय, आणि सोबत प्रशिक्षित माणूस असला की गुण जास्त येतो. म्हणून तो माणूस कोण, हे पैसे भरण्याआधी विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक मागा, सायकियाट्रिस्ट असेल तर मेडिकल कौन्सिलचा. 'कोच' म्हणवून घ्यायला यातलं काहीच लागत नाही. आमच्या कोचचं प्रमाणपत्र त्याच कंपनीने दिलेलं होतं.

घरात कुणी मरणाचं बोलत असेल तर १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार मिळतो.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तोवर त्यांनी वेबसाइटवरची अट बदलली होती, पण पैसे भरतानाचे स्क्रीनशॉट भावाकडे होते, तेच जोडले. पैसे अजून आलेले नाहीत, हप्ते मात्र चालू आहेत. भावाच्या गोळ्या डॉक्टरांनी परत सुरू केल्यात.