मार्गारेट बेट: गाइडबरोबर ई-स्कूटरवरून की २६ नंबरच्या बसने आणि पायी?

व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्ट अशा सहलीत बुडापेस्टच्या वाट्याला बहुधा दीड-दोन दिवसच येतात. त्यांतली एखादी दुपार मोकळी मिळाली की मार्गारेट बेटाचा विषय निघतो. डॅन्यूबच्या पात्रातले हे बेट सुमारे २.५ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ५०० मीटर रुंद असून जवळजवळ सगळेच उद्यान आहे. उत्तर टोकाच्या हॉटेलांकडे जाणारा रस्ता सोडला तर खासगी मोटारींना आत प्रवेश नाही. जावे की नाही हा प्रश्न फारसा पडतच नाही. पडतो तो कसे जावे हा. हॉटेलांच्या स्वागतकक्षात हल्ली गाइडसह ई-स्कूटर फेरीची पत्रके ठेवलेली असतात, आणि ज्यांना चालणे नको असते त्यांना ती सहज पटतात. मी बेट दोन्ही रीतींनी पाहिले आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मोजमाप नसून अनुभव आहे, आणि तो तसाच वाचावा.

या फेरीतल्या स्कूटर बहुधा जाड टायरच्या आणि बसायची सोय असलेल्या असतात, त्यामुळे तोल जाण्याची भीती पहिल्या काही मिनिटांत संपते. पेस्टच्या, म्हणजे शहराच्या नदीपूर्वेकडील भागाच्या, बाजूला सराव करून घेतात, मग नदीकाठाने संसदभवनाच्या शेजारून मार्गारेट पुलावर नेतात. हा टप्पा फेरीतला सर्वोत्तम आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. १८७६ साली पूर्ण झालेला हा पूल सरळ नाही; तो मध्यावर वळतो, आणि त्या वळणावरूनच १९०० साली बेटाकडे उतरणारा फाटा जोडला गेला. स्कूटरवरून त्या वळणावर आले की नदी, संसदभवन आणि पलीकडची बुडाची टेकडी हे सारे एकाच वेळी समोर फिरते. बसच्या काचेतून हे दृश्य अर्धेच दिसते. शिवाय पाय दुखत नाहीत, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या मंडळींसाठी ही गोष्ट लहान नव्हे.

गाइडचा फायदाही खरा आहे. दक्षिण भागातल्या जलतरण तलावाची इमारत पाहून आपण पुढे निघून गेलो असतो. ती ज्याने आरेखित केली तो आल्फ्रेड हायोश १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पोहण्याची दोन सुवर्णपदके जिंकलेला माणूस होता, हे आमच्या गाइडनेच सांगितले. हाच गृहस्थ पुढे वास्तुविशारद झाला आणि त्याने आपल्याच देशातल्या पोहणाऱ्यांसाठी १९३० साली हा तलाव उभारून दिला. असे तपशील फलक वाचून सहसा हाती लागत नाहीत.

तरीही माझे पारडे दुसरीकडे झुकले, आणि त्याचे कारण एकच आहे. समूहाच्या फेरीत स्कूटर एकामागून एक, रांगेत चालवाव्या लागतात. बेटावर पायी फिरणारे असतात, बाबागाड्या असतात, मध्येच धावत सुटणारी मुले असतात. त्यामुळे गाइड अगदी सावकाश नेतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या वेगात ही जड गाडी सरळ ठेवणे वेगात चालवण्यापेक्षा अवघड जाते. उजवा अंगठा अ‍ॅक्सिलरेटरवर अर्धवट दाबून धरायचा, डाव्या हाताची बोटे ब्रेकवर ठेवायची आणि डोळे पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर रोखायचे. त्या चाकावर चिखलाचा एक ठिपका होता, तो मला आजही नेमका आठवतो. शेजारून गेलेली झाडे मात्र आठवत नाहीत. गुलाबबागेपाशी वास आला, मान वळवावी असे वाटले, तेवढ्यात पुढची गाडी थांबली आणि लक्ष पुन्हा ब्रेकवर आले. पंगतीत वाढपी घाईत असावा आणि आपण ‘वाढा’ म्हणेपर्यंत तो पुढच्या पानावर पोहोचलेला असावा, तसे काहीसे झाले. त्यातच हेल्मेट आणि वारा यांमुळे सोबतच्या माणसाशी बोलता येत नाही. बायकोला काही दाखवायचे असेल तर पुढचा थांबा येईपर्यंत धीर धरावा लागतो, आणि तोवर ती गोष्ट मागे राहिलेली असते. हिरवळ पाहायला म्हणून गेलेल्या माणसाला ही अडचण किरकोळ वाटेल की मोठी, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला ती मोठी वाटली.

दुसरी रीत साधी आहे. न्यूगती रेल्वे स्थानकाजवळून २६ नंबरची बस धरायची. ती बेटाच्या अंगातून उत्तरेकडे जाते. बेटाच्या उत्तर भागात उतरून दक्षिणेकडे चालत यायचे आणि मार्गारेट पुलावर ४ किंवा ६ नंबरची ट्राम धरून शहरात परतायचे. उलट दिशेने चालण्यापेक्षा हा क्रम मला बरा वाटतो. दक्षिण टोकाला कारंजे, मोठी हिरवळ आणि गर्दी असते, तर उत्तरेला जपानी बाग आणि संगीत वाजवणारी छत्रीसारखी छोटी वास्तू असून वर्दळ कमी असते. त्यामुळे दिवस शांततेकडून गजबजीकडे सरकतो. वाटेत सेंट मायकेलचे लहानसे चॅपेल लागते. त्याची घंटा १९१४ साली वादळात उन्मळलेल्या एका झाडाच्या मुळांशी सापडली. त्यानंतर १९११ चा ५७ मीटर उंच पाण्याचा मनोरा येतो, आणि थोडे पुढे डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठाचे अवशेष.

या मठापाशी दोन्ही रीतींतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. मंगोल स्वारीच्या संकटात हंगेरीचा राजा चौथा बेला याने देश वाचला तर मुलगी देवाला अर्पण करीन असा नवस केला, अशी कथा आहे. ती मुलगी, म्हणजे १२४२ साली जन्मलेली मार्गारेट, याच मठात वाढली, १२७० मध्ये याच मठात वारली, आणि तिचेच नाव आज बेटाला आहे. गाइडने ही कथा छान सांगितली, यात शंका नाही. पण स्कूटर एका बाजूला उभ्या केलेल्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचे होते, म्हणून आम्ही अवशेषांच्या कडेलाच उभे राहिलो. पायी गेलो तेव्हा त्या बुटक्या भिंतींच्या आत शिरता आले. कुठली खोली कुठे संपते हे पावलांनी मोजता आले, आणि तिच्या समाधीची जागा दाखवणाऱ्या लाल संगमरवरी शिळेपाशी पाहिजे तेवढा वेळ थांबता आले. कथा आधी घरी वाचून गेलो होतो, त्यामुळे गाइडची उणीव फारशी भासली नाही.

पायी जाण्याचेही तोटे आहेत. आडवाटांनी हिंडल्यावर २.५ किलोमीटरचे सहज दुप्पट होतात, जुलै-ऑगस्टच्या दुपारी दक्षिणेकडच्या उघड्या हिरवळीवर ऊन चांगलेच लागते, आणि सुट्टीच्या दिवशी बसमध्ये उभे राहावे लागण्याची शक्यता असते. बेटाभोवतीचा सुमारे ५.३ किलोमीटरचा रबरी मार्ग धावणाऱ्यांसाठी आहे. तिथे रेंगाळणाऱ्यांकडे लोक नाराजीने पाहतात. पायडल मारून चालवायच्या छत्रीच्या चारचाकी गाड्या भाड्याने मिळतात, पण त्या ठरल्या वेळात परत करायच्या असल्याने अर्धे लक्ष घड्याळाकडे राहते. मुले बरोबर असतील तर त्यांना मात्र त्या नक्की आवडतील.

तेव्हा, सोबत वयस्क मंडळी असतील, बुडापेस्टमध्ये एकच दुपार हाती असेल आणि नदीकाठही त्याच वेळात पाहायचा असेल, तर ई-स्कूटरची फेरी वाईट नाही. पुलावरच्या त्या वळणासाठी तरी तिचे पैसे वसूल होतात. ज्यांच्याकडे अर्धा दिवस निवांत आहे आणि चालायची तयारी आहे, त्यांना मी बस सुचवेन. फेरीच घ्यायची ठरली तर आठवड्याच्या मधल्या दिवसाची सकाळची वेळ मागावी, कारण तेव्हा वाटा मोकळ्या असतात. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गटात किती जण असतील, मठाच्या अवशेषांमध्ये आत जाऊ देतात की कडेनेच दाखवतात, आणि वाहन परवाना किंवा वयाची काही अट आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर पुढचा निर्णय सोपा आहे.